पदरमोड आणि पदरची भर

मराठीत 'पदरचे घालणे' असा एक वाक्प्रचार आहे. मुळात नसलेले काही सांगणाऱ्याने आपल्या मनाने मिसळले, की ऐकणारा म्हणतो, 'हे तुमच्या पदरचे.' त्यात किंचित आक्षेप असतो आणि किंचित कौतुकही असते. कारण पदरचे घालायला आधी पदरात काही असावे लागते. त्याच घरातला दुसरा शब्द 'पदरमोड'. परक्याच्या कामी आपला पैसा नि वेळ खर्ची घालणे म्हणजे पदरमोड. संगणकीय खेळांच्या जगात ज्याला 'मॉड' म्हणतात त्याच्यासाठी मराठी प्रतिशब्द शोधताना हे दोन्ही शब्द एकदमच आमच्यापुढे उभे राहिले. यांपैकी एकाने काम भागत नाही. दोन्ही मिळूनच त्या वस्तूचे वर्णन पुरे होते, असे आमचे मत आहे.

ज्या वाचकांचा या प्रांताशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणा कंपनीने तयार केलेल्या खेळात खेळणाऱ्याने स्वतः केलेला बदल म्हणजे मॉड. गाडीचा रंग पालटण्यापासून नवे वाहन, नवा प्रदेश, क्वचित संपूर्ण नवा खेळ उभारण्यापर्यंत त्याचा पल्ला असतो. हे काम महिनोन्महिने चालते आणि पुरे झाले की बहुतेक वेळा फुकट वाटले जाते. (आमचे काही विद्यार्थी अमर्याद नाणी देणाऱ्या फोडलेल्या खेळालाही 'मॉड'च म्हणतात. ती पदरची भर नव्हे, ते दुसऱ्याच्या खिशात हात घालणे होय. त्याचा विचार येथे केलेला नाही.) प्रश्न असा की, खेळ खेळून मन रमत असताना तो खेळायचे सोडून त्याची डागडुजी करत बसावे असे कोणाला का वाटते?

याचे उत्तर आम्ही दूरच्या देशात शोधणार नाही. वरवंड हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. यवत, चौफुला, पाटस या साऱ्या गावांचे आयुष्य या रस्त्याला बांधलेले, आणि या रस्त्यावरची सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे एसटीची लाल गाडी. ही लाल गाडी गेली काही वर्षे इंडोनेशियातल्या जावा बेटावर धावते आहे.

'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा मोबाइलवरचा खेळ मालेओ या इंडोनेशियन कंपनीने २०१७ मध्ये आणला. खेळणाऱ्याने बस चालवायची, थांब्यावर उतारू घ्यायचे, पुढच्या शहरात पोचवायचे. एवढाच त्याचा विषय. मात्र त्यात कंपनीने एक दार उघडे ठेवले. आपल्या बसचे रंगकाम आपणच करावे, आणि पुढे तर आपण घडवलेले वाहनही त्यात आणावे, अशी सोय तिने केली. भारतात या दारातून आधी आत शिरलेल्यांत केरळचे बसशौकीन ठळक होते. त्यांच्या मागोमाग, किंवा बरोबरीनेही म्हणा, महाराष्ट्रातली मुले आली. आणि त्यांनी लालपरी, एशियाड, हिरकणी, शिवशाही अशा एकेक गाड्या तेथे उभ्या केल्या.

याच खेळाला मराठी मुलांनी जवळ का केले, याचे एक साधे कारण सहसा कोणी सांगत नाही. युरोप-अमेरिकेत तयार होणाऱ्या बहुतेक वाहनखेळांत गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने धावते आणि चालक डावीकडे बसतो. इंडोनेशियात आपल्याप्रमाणेच डावीकडून वाहतूक चालते, चालक उजवीकडे बसतो, आणि रस्त्यावर दुचाक्यांची झुंबड असते. भोंग्याचे प्रेमही सारखेच. डिसेंबर २०१६ मध्ये जावातील रस्त्याकडेची मुले बसचालकांना 'ओम, तेलोलेत, ओम' अशी गळ घालत असल्याच्या चित्रफिती जगभर गाजल्या. त्याचा अर्थ, 'काका, हॉर्न वाजवा ना, काका.' ज्या मुलांनी लहानपणी उसाच्या ट्रॅक्टरमागे धावत हीच मागणी केली आहे त्यांना तो खेळ परका वाटण्याचे कारण नव्हते. तरीही तो पुरता आपला नव्हता. एवढे सगळे जुळत असताना नेमकी गाडीच तेवढी वेगळी, ही अवस्था मोठी अस्वस्थ करणारी असते. संपूर्ण परक्या जगात आपण पाहुण्यासारखे वागतो आणि काही मागत नाही. जवळजवळ आपल्यासारख्या असलेल्या जगात मात्र जे नाही ते डोळ्यांत खुपते. मॉडची सुरुवात या खुपण्यात आहे, असे आम्हांस वाटते.

आता प्रत्यक्ष काम काय असते ते पाहू. पहिली पायरी रंगाची. बसच्या अंगाचा सपाट आराखडा मिळतो, त्यावर मोबाइलवरच रंग भरून तो खेळात चढवायचा. याला 'लिव्हरी' म्हणतात. हे शाळकरी मुलालाही जमते. दुसरी पायरी घाटाची, आणि तेथे बरेच जण गळतात. 'ब्लेंडर' किंवा 'झेडमॉडेलर' यांसारख्या आज्ञावलीत त्रिकोण-चौकोनांच्या जाळीतून गाडी उभी करावी लागते. मागची शिडी, टपावरचा कठडा, तीन-दोनची आसने, घंटीची दोरी, चालकामागची जाळी, हे सर्व फुटपट्टी आणि छायाचित्रे घेऊन ठरवायचे. जाळी फार बारीक झाली तर साधा फोन अडखळतो. म्हणून कोणता तपशील घडवायचा आणि कोणता नुसत्या रंगाने भागवायचा याचा निवाडा पावलोपावली करावा लागतो. शिडी घडवावीच लागते, कारण तिची सावली पडते. पत्र्यावरचे खिळे रंगवले तरी चालतात. ज्याला साहित्यात आम्ही 'निवड' म्हणतो आणि जिच्यावर प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा प्रश्न घालतो, ती हीच.

या क्षेत्रातला जाणकार वाहनाच्या क्रमांकावरून बोलायला लागतो. एसटी महामंडळ आपल्या गाड्यांचे सांगाडे विकत घेते, पण वरची बांधणी दीर्घकाळ स्वतःच्या कार्यशाळांत करत आले आहे. पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा अशा त्या तीन कार्यशाळा. गाडीच्या पाटीवर एमएच-१४ दिसले तर बांधणी दापोडीची, एमएच-२० दिसले तर चिकलठाण्याची, एमएच-४० दिसले तर हिंगण्याची, हे ही मुले क्षणात सांगतात. दापोडीच्या बांधणीला नागपूरचा क्रमांक लावलेला मॉड कोणी प्रसिद्ध केला तर त्याची जी हजेरी घेतली जाते ती आमच्या चर्चासत्रांतही कधी ऐकायला मिळत नाही. पुढे जुन्या ॲल्युमिनियमच्या बांधणीऐवजी पोलादी बांधणी आली, तेव्हा त्या दोहोंतला फरक या मंडळींनी आधी टिपला.

मॉड करण्यामागची कारणे म्हणून जी सांगितली जातात ती या पार्श्वभूमीवर तपासावीत. पालक म्हणतात, रिकामपण. रिकामा माणूस खेळ खेळतो. आसनांच्या ओळींतले अंतर मोजत नाही. काही जण म्हणतात, प्रसिद्धी. ती थोडीफार मिळते, पण यूट्यूबवर नुसता खेळून दाखवणाऱ्याला ती कितीतरी स्वस्तात मिळते. अलीकडे आणखी एक उत्तर निघाले आहे, 'कौशल्यविकास' आणि त्यातून नोकरी. मुलांच्या हाताला याचा पुढे उपयोग होईल हे खरे. पण पुढे होणाऱ्या उपयोगासाठी कोणी रात्री दोन वाजता 'राखीव जागा - विधिमंडळ सदस्य' ही पाटी घडवत बसत नाही. ती पाटी फोनच्या पडद्यावर धड वाचताही येत नाही!

फिनलंडचे अभ्यासक ओल्ली सोतामा यांनी 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' या युद्धखेळाच्या मॉडकारांचा अभ्यास करून २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी पाच प्रेरणा नोंदवल्या आहेत: खेळणे, यंत्रणा उलगडून पाहणे, संशोधन, कलाविष्कार आणि सहकार्य. यांतल्या तिसऱ्या प्रेरणेने आमचे लक्ष वेधले. खऱ्या रणगाड्यांची मापे आणि जुनी छायाचित्रे गोळा करणे हा त्या मॉडकारांच्या आनंदाचा मोठा भाग होता. आमचे म्हणणे याच्या एक पाऊल पुढे जाते. संशोधन ही पाचांतली एक प्रेरणा नसून, निदान आमच्या महामार्गावर तरी, बाकीच्या चारही प्रेरणा तिच्या पोटात आहेत. या मुलाला जग बदलायचे नसते. त्याला दुरुस्ती करायची असते. मूळ रचनेत आपल्या ओळखीची वस्तू हवी होती, ती राहून गेली आहे, आणि ती तेथे असती तर अमुक अशीच असती, असा त्याचा आग्रह असतो. त्या आग्रहाला दाद देणारा माणूसही ठरलेला असतो. हजारो लोक तो मॉड उतरवून घेतात, पण मॉडकाराच्या डोळ्यांपुढे असतात ते दहा-बारा जण, ज्यांना दापोडी आणि हिंगणा यांतला फरक कळतो. प्रसिद्धी आणि दाद या दोन निराळ्या भुका आहेत. मराठी भाषेने हे शब्द वेगळे ठेवले आहेत ते उगाच नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात नवे काय वाटावे? आमचे जुने वाङ्मय अशाच पदरच्या भरीने वाढले आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत उतरून घेणाऱ्यांनी इतकी भर घातली होती की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. यापुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये अशी सक्त ताकीदही तिच्या अखेरीस आली. ताकीद इतकी कडक असण्यावरूनच ती ऊर्मी किती बळकट होती ते कळते. नकलाकार काही ज्ञानेश्वरांशी स्पर्धा करत नव्हते. एखादा दृष्टान्त अपुरा वाटला, आपल्या गावचा एखादा शब्द तेथे अधिक बसेल असे वाटले, आणि हातात लेखणी होतीच. गंमत अशी की याच एकनाथांचे भावार्थ रामायण त्यांच्या हातून पुरे झाले नाही. ते त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पूर्ण केले असे परंपरा सांगते, आणि परंपरेला त्यात काही गैर वाटत नाही. म्हणजे एका ठिकाणी भर हा अपराध ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी सेवा. फरक कोठे पडला? गावबाच्या पुढ्यात ग्रंथ अपुरा होता आणि ते सर्वांना दिसत होते. ज्ञानेश्वरीत मात्र भर घालणाऱ्यालाच तेवढी उणीव दिसत होती. आजच्या खेळकंपन्याही मॉडकारांकडे याच दोन नजरांनी पाहतात. कधी ते गावबा असतात, कधी प्रक्षेपकार.

लोककलांत तर ही भर उघडच चालते. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर एक मावशी असते. भागवतात ती कोठेही नाही. ती आली आहे ती इथल्याच एखाद्या वाड्यातून, आणि तिच्याशिवाय गवळण उभी राहत नाही. हीच गोष्ट जावात घडली आहे. तेथल्या वायांग या छायानाट्याने आपले महाभारत घेतले आणि त्यात सेमार आणि त्याची मुले, गारेंग, पेत्रुक, बागोंग, असे विनोदी सेवक आणून बसवले. व्यासांना ते ठाऊक नव्हते. जावातल्या प्रेक्षकाला मात्र पांडवांपेक्षा तेच अधिक जवळचे वाटतात. तेव्हा कोणी केव्हा कोणाच्या घरात काय नेऊन ठेवले याचा हिशेब करायचा तर आपण काही पहिले नाही. त्यांनी आपल्या कुरुक्षेत्रावर सेमार नेला, आपण त्यांच्या हमरस्त्यावर दौंड आगाराची गाडी नेली. असो.

अर्थात ऊर्मी कितीही असली तरी मूळ रचनेत फट असल्याशिवाय भर घालता येत नाही. १९९३ मध्ये इड सॉफ्टवेअरने 'डूम' काढला तेव्हा खेळाचे यंत्र एका फायलीत आणि त्यातली चित्रे, आवाज, भुयारे वेगळ्या फायलीत ठेवली, म्हणून मूळ यंत्राला हात न लावता नवी भुयारे रचता आली. ती लोकांनी रचावीत ही त्या रचनाकारांची इच्छाच होती. येथून पुढे कंपन्यांना कळले की दार थोडे उघडे ठेवले तर खेळाचे आयुष्य वाढते. पण दार किती उघडायचे हे घरमालक ठरवतो, आणि त्यामुळे कोणती भर शक्य आहे तेही तोच ठरवतो. याचे आमच्या तालुक्याला लागू पडणारे उदाहरण उसाचे आहे.

'फार्मिंग सिम्युलेटर' हा स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा शेतीखेळ. २०१७ मध्ये त्याच्या एका आवृत्तीत दक्षिण अमेरिकेच्या प्रदेशाबरोबर ऊस हे पीक आले. दौंड-शिरूरच्या मुलांना यापेक्षा जवळचे पीक कोणते? आणि भारतीय ट्रॅक्टरांचे, ट्रॉल्यांचे, त्यांच्या भडक रंगकामाचे मॉड या खेळासाठी होतातही. पण मूळ खेळात ऊस यंत्राने तोडला जातो. मजूर म्हणून जो आहे तो यंत्र चालवणारा भाडोत्री मदतनीस. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून बिऱ्हाडे येतात, फडाजवळ पाचटाच्या खोपी पडतात, कोयता चालतो, पहाटे मोळ्या भरल्या जातात, पोरे शाळा सोडून आईबापांबरोबर फिरतात. यातले काहीच त्या सांगाड्यात बसत नाही, कारण तो सांगाडाच यंत्र आणि त्याचा मालक यांच्यासाठी बांधला आहे. ट्रॅक्टर बदलता येतो. ऊस कोणी तोडायचा हे बदलता येत नाही. मॉडच्या स्तुतीत आम्ही वर बरेच लिहिले, पण ही मर्यादा नोंदवली नाही तर ते लेखन प्रामाणिक होणार नाही. रंग नि घाट आपला करता आला म्हणून जग आपले होत नाही. आणि खरे सांगायचे तर, हे जाणवणारी मुलेही आम्हांला फार थोडी भेटली. ट्रॉलीच्या फळीवरचे नाव कोणत्या वळणाच्या अक्षरात असावे यावर वाद घालणाऱ्यांना त्या ट्रॉलीत मोळी कोण टाकतो हा प्रश्न पडत नसेल, तर त्यांची अचूकता अर्धवट आहे.

दुसरीकडे, अचूकतेच्या या वेडामुळे काही गोष्टी हरवायच्या थांबल्या, हेही मान्य करावे लागेल. केरळ सरकारने २०२२ मध्ये पर्यटक-बसना पांढरा रंग सक्तीचा केला आणि रस्त्यावरची ती नटलेली चित्रमय वाहने दिसेनाशी झाली. खेळातल्या प्रती मात्र राहिल्या. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. २०२२ मध्ये त्याच दिवशी, त्याच मार्गावर विजेवर चालणारी 'शिवाई' सुरू झाली. मधल्या चौऱ्याहत्तर वर्षांत किती घाटाच्या गाड्या आल्या नि भंगारात गेल्या. त्यांचा सचित्र, मापांसह इतिहास सामान्य वाचकाला सहज मिळेल असा आमच्या पाहण्यात नाही. ज्या मुलाने निवृत्त एसटी कामगारांच्या घरच्या अल्बमांतून छायाचित्रे जमवून जुनी लाल-पिवळी गाडी पुन्हा उभी केली, तो इतिहासाचेच काम करतो आहे. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरे घालायची होती. छायाचित्रात निम्मी अक्षरे उडालेली. 'संकटकाळी' की 'संकटकालीन', आणि वेलांटी पहिली की दुसरी, हे विचारायला तो विभागात आला. तीन वर्षांत त्याने आम्हांला शुद्धलेखनाविषयी विचारलेला हा एकमेव प्रश्न होता, आणि उत्तर मिळाल्यावर त्याने ते का, असेही विचारले.

आता नावाचा प्रश्न. येथेच आमच्या मते खरी अडचण आहे.

मॉड फुकट वाटला जातो, त्यामुळे तो कोणाचाच नाही असे मानणारा एक मोठा वर्ग आहे. दुसऱ्याने घडवलेली गाडी घ्यायची, तिच्यावरचे कर्त्याचे नाव पुसायचे, आपले घालायचे आणि पुन्हा वाटायची, हा धंदा जोरात चालतो. त्यावर उपाय म्हणून मॉडकार फाइलीला कुलूप घालतात आणि किल्लीचा शब्द आपल्या चित्रफितीत कोठेतरी सांगतात, म्हणजे निदान ती तरी पाहिली जावी. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम दरवर्षी आमच्या वरवंडला असतो, म्हणून आम्हांला येथे सालोमालो आठवल्याशिवाय राहत नाही. तुकोबांचे अभंग घेऊन त्यांतली नाममुद्रा काढायची आणि तेथे आपली घालायची, असा त्याचा लौकिक. तुकोबांनी त्याच्यावर कोरडे ओढले आहेत. गाथेच्या इतिहासात याच्या उलटा प्रकारही आहे. कोणी अनामिकाने अभंग रचायचा आणि मुद्रा तुकोबांची घालायची, म्हणजे भर आपली आणि नाव त्यांचे. हा अनामिक आणि सालोमालो यांच्यात जे अंतर आहे तेच मॉडकार आणि मॉडचोर यांच्यात आहे. मॉडकार परक्या खेळाच्या नावाखाली आपले काम ठेवतो. चोर परक्या कामावर आपले नाव ठेवतो.

आणि कंपन्या? त्यांच्या वागण्यात सालोमालो पुरता नाही असे म्हणवत नाही. काही वेळा त्यांनी उचित वर्तन केले आहे. 'हाफ-लाइफ' या खेळावर दोन तरुणांनी १९९९ मध्ये रचलेला 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉड वॉल्व्ह कंपनीने रीतसर घेतला आणि २००० मध्ये स्वतंत्र खेळ म्हणून आणला. उलट २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'ची नवी आवृत्ती काढताना ब्लिझार्डने करारातच लिहून टाकले की खेळणाऱ्यांनी रचलेले सर्व खेळ कंपनीच्या मालकीचे राहतील. मधला एक प्रसंग बोधप्रद आहे. एप्रिल २०१५ मध्ये वॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी 'स्कायरिम'चे मॉड पैसे घेऊन विकण्याची सोय केली. मॉडकाराला किमतीचा चौथा हिस्सा मिळणार होता. खेळणाऱ्यांत असा क्षोभ उसळला की काही दिवसांतच ती योजना गुंडाळावी लागली. पंचवीस टक्क्यांचा राग होताच. पण अनेक मॉड एकमेकांच्या खांद्यावर उभे असताना पैसा नेमका कोणाचा, या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते. पदरमोडीचा हिशेब लागत नाही, तो याचमुळे.

ज्या खेळाने मराठी घरांत सर्वांत जास्त भांडणे लावली तो 'पबजी' या वंशावळीतलाच आहे, हे पालकांना कदाचित ठाऊक नसेल. 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' तयार करणाऱ्या बोहेमिया या झेक कंपनीचा पुढचा खेळ 'आर्मा'. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवर २०१२ मध्ये 'डे-झी' हा मॉड झाला. त्या मॉडवर २०१३ मध्ये ब्रेंडन ग्रीन यांनी आणखी एक मॉड चढवला, आणि त्यातून २०१७ मध्ये 'पबजी' आला. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्याच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी घातली, आणि २०२१ मध्ये तो नवे नाव घेऊन परतला. हौसेने केलेल्या दुरुस्तीवर दुसरी दुरुस्ती, आणि तिच्या टोकाला अब्जावधींचा व्यवसाय. मधल्या पायऱ्यांवर ज्या असंख्य हातांनी नकाशे तपासले, चुका कळवल्या, पोशाख रंगवले, त्यांची नावे त्या व्यवसायाच्या दर्शनी पाटीवर नाहीत.

महाविद्यालयात या साऱ्याचे काय करावे असा विचार आम्ही आपसांत पुष्कळ केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे आता कौशल्य, क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा अनेक रकान्यांना श्रेयांक आहेत. त्यांतल्या एखाद्या रकान्यात मॉड बसवावा, अशी सूचना आमच्यातल्याच एकाने केली. बाकीच्यांनी ती स्वीकारली नाही, आणि आमचा कल त्या बाकीच्यांकडे आहे. श्रेयांक आला की तक्ता येईल, तक्ता आला की दहा पानी अहवाल येईल, आणि दापोडी-हिंगण्याचा फरक ज्याला कळत नाही अशा आमच्यासारख्याची सही त्याखाली लागेल. दाद देण्याचा अधिकार ज्यांचा आहे त्यांच्या हातून तो काढून घेण्याचे आम्हांला कारण दिसत नाही.

त्यापेक्षा एक लहान काम विभागाच्या आवाक्यातले आहे. हस्तलिखितांच्या सूचीत जशी नोंद असते, म्हणजे नकलाकाराचे नाव, शक, स्थळ, कोणत्या प्रतीवरून उतरली, तशी या परिसरातल्या मुलांनी घडवलेल्या वाहनांची एक वही ठेवावी. कर्त्याने जे नाव लावले असेल ते, महिना-वर्ष, कोणत्या छायाचित्रांवरून काम केले आणि ती कोणाकडून मिळाली, आधीच्या कोणाचा घाट वापरला, नंतर कोणी काय सुधारले. रकाने आखून वही तयार आहे. पहिल्या पानावर सध्या तीन गाड्या आहेत. दोन दापोडीच्या आणि एक चिकलठाण्याची. तिसऱ्या गाडीपुढे 'आधीच्या कोणाचा घाट' या रकान्यात त्या मुलाने चार नावे लिहिली आणि पाचवे आठवत नाही म्हणून जागा मोकळी सोडली आहे.